सात फूट पत्र्याचा गोल

आल्डर क्रीक, मिनेसोटा
१२ जानेवारी १९६४

चि. आल्वर यास रेइनोमामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र नाताळच्या टपालात कुठेतरी दबून बसलं होतं, परवा हाती आलं. आधी खुशाली सांग, मग कामाचं. तुझी पाठ कशी आहे? लाकूडगिरणीत वाकून वाकून तिची कमान झालीय म्हणे. तुझ्या डोरिसचा खोकला गेला का? कांदा मधात घालून दे म्हणावं, बाटलीतल्या औषधाने नुसती जीभ रंगते. लिंडाचा पुढचा दात आला, की अजून शिट्टी वाजवतच बोलते पोरगी? मान्सिक्की गाय व्यायली का? आणि गोड घास शेवटी खायचा म्हणून शेवटी विचारतो, तुझी आई, माझी लेम्पी, कशी आहे?

नोव्हेंबरात तिच्या हातचं पत्र आलं होतं. चारच ओळी, त्याही उतारावरच्या गाईंसारख्या खाली खाली घसरलेल्या. ‘रेइनो, ये. एकदा बरोबर सौनात बसू.’ मग तूच कळवलंस की तिला आता दिसत नाही आणि यापुढे तिच्या वतीने तू लिहीत जाशील. बरं केलंस. ती एक्क्याऐंशीची, मी शहात्तरचा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. दर शनिवारी हीच मला उचलून सौनात, त्या वाफेच्या न्हाणीघरात, न्यायची आणि बर्चच्या पाल्याने पाठ झोडून काढायची. ‘रडू नकोस, वाफ रडक्यांना आवडत नाही,’ म्हणायची. अकरा वर्षांत भेट नाही. तुझी मामी हिल्या गेली तेव्हा लेम्पी आजारी, लेम्पी बरी झाली तेव्हा माझा पाय मोडलेला.

म्हणून सांगून ठेवतो. चूल होवो न होवो, मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी बसने किविलाह्तीला येतोय. पाच तारखेची बस पाहून ठेवलीय.

आता चुलीचं. जिच्या तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ काढायची, ती सौनाची जुनी चूल तळातून जळली आणि शरद ऋतूपासून घरात वाफ नाही, हे वाचून जीव कळवळला. गोल चूल घरी कशी करायची, पत्रा वळवायचं यंत्र तर नाही, असं विचारतोस. अरे, मी आजवर एकतीस चुली केल्या, यंत्र एकदाही पाहिलं नाही. मला कोणी शिकवलंही नाही. पहिली चूल इतकी वाकडी झाली होती की हिल्या म्हणाली, ‘हिला दारू कोणी पाजली?’

पाव इंचाच्या निम्म्या जाडीचा साधा काळा पत्रा घे. लांबी सात फूट, उंची अडीच फूट. गोल झाल्यावर आरपार सव्वीस-सत्तावीस इंच भरेल. दोन जुने रूळ जमिनीवर समांतर ठेव, मध्ये चार इंचांची फट. पत्र्यावर दर दोन इंचांवर खडूने आडवी रेघ मार. पत्रा रुळांवर ठेव, रेघ फटीच्या बरोबर मध्यावर आण, रेघेवर जाड पाईप आडवा ठेव आणि पाईपवर घण मार. पत्र्यावर नाही, पाईपवर! एका घावात सगळं वाकवायला जाऊ नकोस. प्रत्येक रेघेवर थोडं, इतकं थोडं की काही झालंच नाही असं वाटावं. चाळीस रेघा झाल्या की चाळीस वेळा ‘काही झालं नाही’ मिळून गोल होतो.

माणूस म्हणतो, मोडेन पण वाकणार नाही. पत्रा त्याहून शहाणा.

पत्र लेम्पीला मोठ्याने वाचून दाखव. उत्तर लवकर.

तुझा मामा,
रेइनो साल्मेला


किविलाह्ती, मिशिगन
२५ जानेवारी

ती. मामांस नमस्कार.

पाठ आहे तशी. डोरिसचा खोकला बरा. लिंडाला दात आला. मान्सिक्की शरदातच विकली. आई बरी आहे.

पत्र तिला वाचून दाखवलं. मार्चचं ऐकून म्हणाली, ‘रेइनोला म्हणावं, थंड सौनात बसवायला बोलावते का मी त्याला? आधी चूल गोल होऊ दे. पहिली वाफ आम्ही दोघं घेऊ.’ तेव्हा मार्चमध्ये नका येऊ. चूल तयार झाली की मी कळवीन. रस्तेही बर्फाने बंदच असतात.

पत्रा आणलाय. रूळ खाणीच्या मोडक्या लाइनीवरून मिळाले. दोन गोष्टी विचारायच्यात. एक, पाईपवर घण मारला की रेघ वाकते, पण उचलल्यावर पत्रा परत सरळ व्हायला बघतो. किती जास्त वाकवायचं? दोन, सगळ्या रेघा सारख्या वाकल्यात हे कसं कळणार?

शेजारचा आर्वो रोज कुंपणावर टेकून तमाशा बघतो. काल म्हणाला, ‘आल्वर, चर्चची घंटा पुरे झाली आम्हाला, दुसरी नको.’

लवकर लिहा. गिरणी सहा आठवडे बंद आहे, तेवढ्यात उरकायचंय.

आल्वर


आल्डर क्रीक
३ फेब्रुवारी

चि. आल्वर यास आशीर्वाद.

पाठ, खोकला, दात सगळं वाचलं. मान्सिक्की विकलीस ते वाचून मात्र पत्र खाली ठेवलं. लेम्पी त्या गाईशी माझ्यापेक्षा जास्त बोलायची! काही म्हणाली नाही का ती? नसेल म्हणाली. दुःख झालं की ती बडबड थांबवते आणि पाव भाजायला घेते.

पण तिचं बोलणं तू जसंच्या तसं उतरवलंस, ते वाचून मी एकटाच हसलो. ‘थंड सौनात बसवायला बोलावते का मी!’ अगदी तिचाच ठसका. कमरेवर हात ठेवून म्हणाली असेल. बरं बाबा, ती म्हणते तर थांबतो. बसचं वेळापत्रक घड्याळामागे खोचून ठेवलंय.

आता पत्रा मागे फिरतो त्याचं. फिरणारच. सुंभ जळतो तरी पीळ सोडत नाही, पत्रा तर जळलेलाही नाही. तुला हवाय त्यापेक्षा एक-पंचमांश जास्त वाकव, परत येऊन तो बरोबर जागेवर बसेल. आणि सगळ्या रेघा सारख्या हव्यात तर पुठ्ठ्याची कमान काप. सुतळीला खडू बांध, साडेतेरा इंचांवर धर, पुठ्ठ्यावर गोल ओढ आणि त्याचा एक तुकडा काढून घे. प्रत्येक चार रेघांनंतर ती कमान आतून लावून बघ. कमान मध्ये टेकली आणि टोकांना उजेड राहिला तर कमी वाकलाय. टोकं टेकली आणि मध्ये उजेड राहिला तर जास्त वाकलाय, पालथा घालून हलकेच सोडव. डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, डोळा म्हणजे लाचखाऊ पंच.

उर्हो निएमी माझ्याकडे रोज कॉफीला येतो, माहीत आहे तुला. मी टेबलावर पत्र लिहितोय आणि तो पाव बुडवत म्हणतो कसा, ‘पत्रातून लोहारकी शिकवतोयस? उद्या पोहायलाही शिकव टपालाने. बुडाला तर पत्र परत येईल.’ मी म्हटलं, ‘उर्हो, तू सत्तर वर्षं पाण्याशेजारी राहिलास, तुला अजून तरंगता येत नाही.’ म्हणाला, ‘म्हणून तर जिवंत आहे.’

लेम्पीला विचार, तिला बाक किती उंचीचा हवा? म्हातारपणी वरच्या बाकावर धग सोसत नाही. खालचा एक हातभर रुंद कर, आम्ही दोघं टेकून बसू.

तिला विचारून लगेच लिही.

मामा


किविलाह्ती
२७ फेब्रुवारी

ती. मामांस नमस्कार.

आम्ही सगळे बरे. आई बरी. बाकाचं म्हणाली, ‘तुला बरं वाटेल तसं कर.’

पत्रा वळवला. सोळा दिवस लागले. तुमची कमान बरोबर, पंचमांशाचा हिशेबही बरोबर. तुम्हाला मानलं, मामा. सदतीस-अडतीस रेघांपर्यंत लोणी कापावं तसं काम झालं.

पण दोन्ही टोकं चपटी राहिली. शेवटचे तीन इंच दुसऱ्या रुळावर टेकतच नाहीत, मग घण मारायचा कुठे? दोन्ही टोकं जवळ आणली तर गोल न होता पेअरचं फळ झालंय. एका बाजूला चोच आल्यासारखं दिसतं. आर्वो म्हणाला, ‘सौनाची चूल करत होतास ना? ही तर बदकासाठी बरी आहे.’ डोरिस इतकी हसली की तिला परत खोकला लागला.

मी म्हणतो, तसंच जोडून टाकू का? वेल्डिंगवाला परवा येतोय. दगड भरल्यावर कोण बघतंय? पंधरा मार्चपर्यंत उभी राहील. पण दिसायला जरा बरी हवीय, म्हणून विचारतो.

आल्वर


आल्डर क्रीक
५ मार्च

चि. आल्वर यास आशीर्वाद.

डोरिसला हसू कमी आणि मध जास्त दे. बाकी सगळे बरे, हे बरं.

चूक तुझी नाही, माझी. टोकांचं लिहायचं राहिलं! काय म्हणावं या डोक्याला. टोकं आधी वाकवायची असतात, पत्रा सपाट असताना, सगळ्यांच्या आधी. एकतीस चुली केल्या आणि प्रत्येकीची टोकं आधी केली, पण हाताला इतकं अंगवळणी पडलंय की लेखणीपर्यंत आलंच नाही. कोणी शिकवलं असतं तर त्याच्या शब्दांत आठवलं असतं. स्वतः शिकलेल्या माणसाचं असंच, त्याला येतं पण सांगता येत नाही.

पण तसंच जोडू नकोस. माझं ऐक. चपटा गाल लाल तापला की फुगतो, आत-बाहेर करतो आणि एक दिवस जोड उसवतो. लेम्पीच्या घरात वाकडी चूल मी ठेवू देणार नाही. उद्या ती हात फिरवून बघेल. डोळे गेले तरी हात आहेत तिला, आणि म्हणेल, ‘रेइनोने शिकवलेली ना ही?’ मला तोंड लपवायला जागा राहणार नाही.

वेल्डिंगवाल्याला परत पाठव. पत्रा मोकळा उघड, माणूस मिठी सोडतो तसा. मग वीस इंच जाडीचा ओंडका बघ, जमिनीत पक्का रोव किंवा आडवा घट्ट बांध. पत्र्याचं टोक ओंडक्यावर टेकव, वरून लोखंडी पट्टी ठेवून दोन शिकंजे आवळ आणि लाकडी हातोड्याने टोक ओंडक्यावर निजव. हलके हलके, बाळ थोपटावं तसं. दोन्ही टोकांना कमान लावून बघ. मग राहिलेल्या रेघा परत रुळांवर घे.

आणि एक, आता करू नकोस. तुमच्याकडे अजून कडाक्याची थंडी आहे. गोठलेला पत्रा दुसऱ्यांदा वाकवलास तर तडकेल, सोळा दिवस पाण्यात. बर्फ वितळू दे. एप्रिल उजाडू दे. घाई करू नकोस, घाईने गोल होत नाही.

खरं सांगू? काल मी घड्याळामागचं वेळापत्रक काढलं होतं. आजचीच बस होती. चूल अर्धी तर झालीय, जावं का? उर्हो म्हणाला, ‘जा की. चुलीला भेटायचंय की बहिणीला?’ मी म्हटलं, ‘उर्हो, तुला कारागिराचं मन कळत नाही. गोल झालेली बघीन तेव्हाच जाईन.’ तो वेलदोड्याचा पाव संपवून गेला.

लेम्पीला सांग, रेइनो महिनाभर अजून धीर धर म्हणतो. साठ वर्षं तिने माझ्यासाठी धरला, एक महिना काही फार नाही.

काय म्हणाली ते लिही.

मामा


किविलाह्ती
२८ एप्रिल

ती. मामांस नमस्कार.

उशीर झाला. मधे घरात बरीच कामं निघाली. आम्ही बरे. आई शांत आहे.

तुम्ही सांगितलं तसं केलं. ओंडका मिळाला, टोकं निजवली. आता पत्रा खरंच गोल झालाय. कमान कुठेही लावा, उजेड दिसत नाही. आर्वोनेही टोपी काढून चुलीला नमस्कार केला आणि गेला.

एकच अडचण. दोन टोकांमध्ये दोन बोटांची फट राहते आणि एक टोक वर, एक खाली. हाताने ओढली तर सोडल्याबरोबर उघडतात. वेल्डिंगला कशी धरून ठेवायची?

आणि दाराला काच बसवता येईल का? बसल्या जागेवरून आतला जाळ दिसला पाहिजे. सौनाघरही मोठं केलंय. तीन बाक, आठ-दहा जण मावतील.

लवकर कळवा, जूनच्या आत संपवायचंय.

आल्वर


आल्डर क्रीक
५ मे

चि. आल्वर यास आशीर्वाद.

आठ-दहा जण! सगळा गाव बोलावणार म्हण की. माझ्या लेम्पीचं घर पूर्वी असंच होतं. शनिवारी ओळीने माणसं, पुरुष आधी, बायका नंतर, आणि सगळ्यांना कॉफी. तू ते परत आणतोयस, देव तुला बरं ठेवो. फक्त काच कशाला? जाळ बघायचा नसतो, ऐकायचा असतो. लेम्पीला तर तोही दिसणार नाही. पण तुझ्या मनात असेल तर जाड, धगीची काच मिळते, तीच लाव, खिडकीची लावू नकोस, फुटून कोणाचा तरी डोळा जाईल.

फटीचं सोपं आहे. पत्र्याभोवती साखळी गुंडाळ, एक वरून, एक खालून. साखळीत पहार अडकव आणि पीळ घाल, ओलं फडकं पिळतो तसा. फट मिटत येईल. वर-खाली असेल तर खालच्या टोकाखाली पाचर मार. दोन्ही समोरासमोर आली की आधी वर वेल्डिंगचा एक टाका, मग खाली एक, मग मध्ये, मग दर वीतभर अंतरावर. साखळी तोवर सोडू नकोस. दाबून धरलेला पत्रा सुटला तर तोंडावर येतो, माझी दोन बोटं त्यातच गेलीत. सगळे टाके झाले की मग पूर्ण जोड घाल.

मी युहान्नूसच्या सणाला येतोय, आता कोणाचं ऐकणार नाही. एकोणीस जूनची बस. वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस, त्या दिवशी घरात नवी वाफ निघावी. कोवळ्या बर्चच्या दोन जुड्या इथूनच बांधून आणीन, लेम्पीला आमच्या टेकडीवरचा पाला आवडतो.

‘आई शांत आहे’ म्हणजे काय रे? ती कधी शांत होती? तू फार थोडक्यात लिहितोस. तिला म्हणावं, चार शब्द बोल, आणि तेच, तिच्याच तोंडचे, मला लिही. शिवी असली तरी चालेल.

वाट बघतो.

मामा


किविलाह्ती
२३ मे

ती. मामांस नमस्कार.

चूल झाली. साखळीची युक्ती नामी. जोड शोधून सापडत नाही. काल पहिल्यांदा पेटवली, दीड तासात दगड लाल. फोटो सोबत आहे.

आता खरं लिहितो, कारण तुम्ही बसचं ठरवलंय.

आई अकरा एप्रिलला गेली. नोव्हेंबरपासून ती काउंटीच्या वृद्धाश्रमात होती. दिसत नव्हतं, स्टोव्ह पेटता ठेवायची, डोरिसला दिवसभर तिच्यामागे फिरायला जमत नव्हतं. आम्ही तळ्याकाठी दोन लाकडी खोल्या बांधल्यात, उन्हाळ्यात शिकागोची मंडळी राहायला येतात. आईची खोलीही त्यांनाच देतो. सगळ्यांना सौना हवा असतो आणि तोही फिनिश लोकांचा, जुन्या पद्धतीचा, गोल चुलीचा. त्यासाठीच सगळं.

आधी कळवलं असतं तर तुम्ही शोक करत बसला असता आणि चूल अर्धवट राहिली असती. गेलेलं माणूस पत्राने परत येत नाही. उरलेला पत्रा मात्र अंगणात गंजतो. राग मानू नका. तुम्हीसुद्धा कामाचा माणूस, समजून घ्याल.

तिला त्रास झाला नाही. मार्चमध्ये तर चांगली होती, सगळ्यांना ओळखायची. तिथली नर्स सांगत होती, रोज दुपारी हिला रस्त्याकडच्या खिडकीशी बसवावं लागायचं. बसचा आवाज आला की विचारायची, कोण उतरलं. नर्सला वाटायचं मी येणार असेन. मी रविवारी गाडीने जायचो, तेही आईला माहीत होतं.

युहान्नूसला येऊ नका. तीन आठवडे सगळ्या खोल्या भरल्यात. सप्टेंबरात या, रिकामं असतं. चूल बघाल तर खूश व्हाल.

दुसऱ्या खोलीसाठी एक लहान चूल करायची आहे, वीस इंची. पत्रा किती लांब घेऊ आणि रेघा किती अंतरावर? जमल्यास याच आठवड्यात कळवा.

आल्वर


आल्डर क्रीक
३० मे

चि. आल्वर यास आशीर्वाद.

तुझी पाठ, डोरिसचा खोकला, लिंडा, सगळं ठीक असेल असं धरून चालतो.

वीस इंचांच्या चुलीला त्रेसष्ट इंच पत्रा लागतो. रेघा दीड इंचावर मार. रुळांमधली फट तीन इंच कर. टोकं आधी. या वेळी आधीच लिहिलंय.

फोटो पाहिला. सुरेख गोल आहे. मी केलेल्या एकतिसांत इतका चांगला एकही नव्हता.

फोटो बघत होतो तेवढ्यात उर्हो आला. ‘काय म्हणतो भाचा?’ मी म्हटलं, ‘चूल झाली.’ ‘मग जा की बहिणीकडे!’ म्हणाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारून कॉफी ओतून घेतली. मी हो म्हटलं. त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की खरं होईल, म्हणून दोन दिवस झाले, टाळतोय.

तिला शेवटचं कोणी न्हाऊ घातलं, ते विचारत नाही. आमच्याकडे सौनात न्हाऊ घालायचे. आमच्या आईला तिनेच घातलं होतं, मी दाराशी बसलो होतो. तिथे वृद्धाश्रमात नळाखाली घातलं असेल. असू दे.

पाच मार्चला मी तुला टोकांचं पत्र लिहीत होतो, तेव्हा चौकातून बस गेली. खिडकीतून दिसली मला. पाच मार्च ते अकरा एप्रिल, सदतीस दिवस. चपटा गाल फुगतो असं मी तुला लिहिलं होतं. फुगतो खरा, पण चार-पाच हिवाळ्यांनी. पेअरच्या आकाराच्या चुलीतही दगड तेवढेच तापतात, वाफ तेवढीच येते. मला ठाऊक होतं. आणि खोटं काय सांगू, तसली चूलही लागत नव्हती. थंड बाकावर बसलो असतो तरी झालं असतं. तूही पंधरा मार्चला ती उभी करणार होतास, मीच वेल्डिंगवाल्याला परत पाठवलं. हे तुझ्यावर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं. ढकलून पाहिलं, जात नाही.

तुला एकच विचारतो. पंचवीस जानेवारीच्या पत्रात तू लिहिलंस, ती म्हणाली, आधी चूल गोल होऊ दे, पहिली वाफ आम्ही दोघं घेऊ. ते तिचं बोलणं होतं की तुझं?

तिचं असेल, तर आम्ही दोघं ठरवून थांबलो. दोघं हट्टी, दोघांना चांगली चूल हवी होती, वेळ कमी पडला. तसं माणसांचं होतं. त्यावर मी उरलेले दिवस काढीन. तुझं असेल, तर ती त्या खिडकीशी एकटीच थांबली होती, आणि मी इथे कमान आणि उजेड करत बसलो होतो.

वृद्धाश्रमात असलेल्या बाईला तू जानेवारीत कधी पत्र वाचून दाखवलंस, कसं, हे मी स्वतःला दहा वेळा विचारलंय. दहा वेळा तेच उत्तर येतं. म्हणून मला खरं नको, आल्वर. पाच महिने तू लिहिलंस आणि मी प्रत्येक शब्द मानला. कमरेवरचे हातसुद्धा दिसले मला. तेव्हा आणखी एकदा लिही. ‘ते आईचंच होतं,’ एवढंच, साध्या कार्डावर. सही केली नाहीस तरी चालेल.

इथे टपाल यायला चार दिवस लागतात. लवकर लिही.

तुझा मामा,
रेइनो